पतंग मोजणाऱ्याची गाऱ्हाणी

कपाशीच्या शेतात सकाळी सकाळी माझं काम एकच: फसलेले नवरदेव मोजणं. कामगंध सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाला, मादीचा गंध असतो, त्यामुळे अडकतात ते फक्त बोंडअळीचे नर पतंग. माद्या तिकडे निवांत अंडी घालत असतात, त्यांची शिरगणती कुणी करत नाही.

मोजणं सोपं आहे. छळतो तो सापळ्याचा खांब. गुलाबी बोंडअळीसाठी संकेत असा, की सापळ्यामागे रोज 8 पतंग सलग 3 दिवस आले की उपाय करा. पण कुठल्या सापळ्यात? बांधाकडचा म्हणतो, 'फवारा!' मधला म्हणतो, 'कशाला घाई?' दोघांत ल्यूर एकाच पाकिटातला.

सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच हवा. कपाशीला हे कुणी सांगितलेलं नसतं. ती आठवडाभरात वर येते, सापळा पानांत बुडतो, गंध तिथेच घुटमळतो आणि आकडा खाली येतो. घरचे खूश होतात, 'कीड कमी झाली!' खांब वर सरकवला की कीड पुन्हा 'वाढते'. शेतात काडीचा फरक पडलेला नसतो.

मग वारा. नर पतंग गंधाचा माग काढत वाऱ्याविरुद्ध नागमोडी उडत येतो. म्हणून सापळा वारा येतो त्या बाजूला ठेवावा, म्हणजे गंध पिकावरून पसरतो. वारा मात्र ठरल्याप्रमाणे वाहायला बांधील नाही. दोन सापळे जवळजवळ लावले तर दोघांचे गंध एकमेकांत मिसळतात आणि पतंग नेमका कुणाकडे निघाला होता ते त्यालाही कळत नसावं.

1959 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ब्यूटेनांट यांनी रेशीमकिड्याचा कामगंध शोधला, त्यासाठी सुमारे 5 लाख माद्या खर्ची पडल्या. एवढ्या त्यागानंतरही खांब कुठे ठोकायचा, ते आमच्यावरच!

शेजारच्या अण्णांचा तर वेगळाच आक्षेप. "तुम्ही वास सोडून साऱ्या शिवारातले पतंग इकडे बोलावता." बांधावरचा सापळा त्यांच्या शेतातलेही नर ओढतो, हे खरं आहे, म्हणून मी गप्प राहतो. शिवाय त्यांच्या बाजूच्या खांबावर कोतवाल पक्षी बसून येणारे पतंग परस्पर टिपतो. त्यानं किती खाल्ले, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

"सापळा आत सरकवा," अण्णा परवा म्हणाले.

"अण्णा, मग आकडा बदलेल."

"बदलू दे की. कमी झाला तर आपल्या दोघांचं औषध वाचेल."