डाग शिणाण्यांचा

"आधीच मत देऊन आलास?" हा प्रश्न मला अख्ख्या वाड्यासमोर विचारला गेला, आणि तोही ज्या शाळेत मी पाढे म्हटले त्याच शाळेत. अजून आठवलं की पोटात ढवळतं.

पंचायतीची निवडणूक होती. चिठ्ठी दाखवली, डावा हात पुढे केला, तर शाई लावणाऱ्या बाईंची काडी हवेतच थांबली. माझी तर्जनी नखापासून पहिल्या पेरापर्यंत काळी.

"मॅडम, हे सिल्व्हर नायट्रेट आहे," मी म्हणालो. खरं बोललो, तेच नडलं. मतदानाच्या शाईतही सिल्व्हर नायट्रेटच असतं. 1962 पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून ती देशभर जाते, आणि उजेड लागला की कातडीवर काळी पडते. म्हणजे पोलिसाने "हे रक्त आहे का?" विचारावं आणि आपण गट सांगावा, तशातला प्रकार झाला.

खोलीत एका उमेदवाराचे एजंट बसले होते. चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात तीन पेनं, सकाळपासून हरकत घ्यायला काही मिळालेलं नाही. ते उठलेच. "कितें रे हें? कसला डाग?"

"शिणाण्यांचा." म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या, आपण खातो त्या शिंपल्यांचा.

"शिणाणे खाऊन बोट काळं होतं? आमच्या घरात तीन पिढ्या खातात."

"खाल्ले नाहीत, काका. गुणसूत्रं रंगवली."

एवढं ऐकून ते गप्प बसले असते तर मीही ते विसरलो असतो. पण त्यांनी खुर्ची ओढली. "ते कशाला?"

"जात ओळखायला."

"अरे, त्याला रंग कशाला? तव्यावर टाक, रव्यात घोळवून. हिरवा कुठला, तांबडा कुठला, जिभेला कळतं." मागून एक काकी म्हणाल्या, "तांबडा कडक लागतो गो." रांगेत चर्चा रंगली. माझं मत बाजूलाच राहिलं.

जिभेला कळत असतं तर मी कशाला रात्री प्रयोगशाळेत जागलो असतो? शिंपल्याचा रंग फसवतो. कोवळा शिणाणा हिरवागार असतो, वय झालं की पाठ तपकिरी होते, हिरवं उरतं ते कडेला. खडकावर दाटी झाली, लाटांचा मार जास्त असला की आकारही बदलतो. गुणसूत्रं मात्र लाटांना जुमानत नाहीत. आपल्या हिरव्याची, पेर्ना विरिडिसची, 30. त्याच्याच भावकीतल्या पेर्ना पेर्नाची 28. केरळच्या दक्षिण टोकाकडच्या तांबड्याला 1976 साली पेर्ना इंडिका असं वेगळं नाव मिळालं, पुढे डीएनए बघणारे म्हणाले, हा तर पेर्ना पेर्नाच. आणि थंड समुद्रातल्या मायटिलस नावाच्या शिंपल्यांच्या तीन जाती तर असल्या बेरकी, की तिघींचीही गुणसूत्रं 28. तिथे मोजून भागत नाही, पट्टे बघावे लागतात.

हे मी एजंटकाकांना सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की कल्ल्यांतल्या पेशी कॉल्चिसिनने विभागणीच्या मधोमध अडवायच्या, फुगवायच्या, मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्लात पक्क्या करायच्या, काचेवर थेंब सोडायचा. मग चांदीचा रंग, म्हणजे तेच सिल्व्हर नायट्रेट. गरम स्लाइड सोनेरी-तपकिरी झाली की समजायचं, गुणसूत्रांवर काळे ठिपके उमटले. नुसते गुणसूत्रांवरच उमटले असते तर प्रश्नच नव्हता! बोटाला लागलं तेव्हा काहीच दिसलं नाही, सकाळी दिसलं.

"हातमोजे नाहीत तुमच्याकडे?" बाईंनी अचूक नस पकडली. नाहीत हो. मागणी कधीची वर गेली आहे. वर गेलेली मागणी खाली येताना कुठे अडते ते कॉल्चिसिनलाच ठाऊक. लाखोंचा सूक्ष्मदर्शक आहे, त्यावर प्लास्टिकचं कव्हर आहे, त्या कव्हरवर झाकायला आणखी एक कव्हर आहे. मोजे नाहीत.

शेवटी केंद्राध्यक्षांनी यादी उघडली. माझ्या नावापुढे खूण नव्हती. "लावा शाई मधल्या बोटाला," ते म्हणाले, आणि एजंटकाकांची हरकत लिहून घेतली, म्हणजे कागदावर पेन फिरवल्यासारखं केलं. मी मत दिलं. बाहेर आलो तर काका फाटकाशी उभे. आता हरकत बिरकत काही नाही.

"उरले असतील तर दे रे थोडे. सध्या शेकड्याचा भाव ऐकवत नाही."

"मिथेनॉलमध्ये आहेत, काका."

"धुऊन चालणार नाहीत?"

परवा मोज्यांची मागणी खाली आली. मंजूर नाही. शेरा असा: मासे साफ करण्याचे रबरी मोजे बाजारात स्वस्त मिळतात. खाली सही आहे, ती कुणाची ते वाचता येत नाही, नाहीतर मी त्या गृहस्थाला एक कोरी स्लाइड, एक ड्रॉपर आणि माझी सिल्व्हर नायट्रेटची बाटली नेऊन देणार होतो.