धूमकेतू दाखवण्याचा उद्योग

नवा धूमकेतू सापडल्याची बातमी आली की घरात दुर्बीण असलेल्या माणसाची झोप उडते, आणि ती धूमकेतूपेक्षा पाहुण्यांमुळे अधिक उडते. ‘सहाव्या प्रतीचा आहे म्हणे, नुसत्या डोळ्यांनीही दिसेल,’ असे जो तो मला ऐकवू लागतो. माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ या प्रतीतच, म्हणजे तेज मोजण्याच्या मापातच आहे. सहाव्या प्रतीचा तारा आपला प्रकाश एका बिंदूत सांभाळून ठेवतो. धूमकेतू मात्र तेवढाच प्रकाश प्रसंगी चंद्रबिंबाएवढ्या जागेवर उधळून मोकळा होतो आणि आकाशाच्या पार्श्वभूमीत जवळजवळ मिसळून जातो.

शिवाय सूर्याजवळ आल्यावरच त्याला तेज चढत असल्याने, ऐन भरात असताना तो बहुधा संधिप्रकाशात, क्षितिजाला टेकून, नेमका एखाद्या झाडामागे असतो. भरवशाचे तर नावच नको. १९७३ साली कोहूटेक धूमकेतूने आधी गाजावाजा करून मग निराशा केली, आणि २०१३ साली आयसॉन सूर्याला वळसा घालता घालता चक्क विखरून गेला. लोकांच्या अपेक्षा वाढवून ठेवल्या त्या १९९५ साली सापडलेल्या हेल-बॉपने. तो सुमारे दीड वर्ष नुसत्या डोळ्यांना दिसत राहिला होता.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. ती संपत आली, की कोणीतरी ‘पायाखाली काही आहे का बघतो’ म्हणून मोबाइलचा दिवा लावतो आणि सगळ्यांची तपश्चर्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मग ‘जरा झूम करा ना’ अशी मागणी येते. वर्धन वाढवले की तो धूसर पुंजका आणखी पसरतो आणि आणखी फिका पडतो, हे पटवून देईपर्यंत मुळात तोच नेत्रिकेबाहेर सरकलेला असतो. शेवटी मला सांगावे लागते, ‘त्याच्याकडे थेट पाहू नका, किंचित बाजूला पाहा, म्हणजे तो दिसेल.’ दृष्टिपटलाच्या मध्यभागी मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, हे त्याचे साधे कारण. पण ते सांगून होईपर्यंत लोक माझ्याकडे भोंदूबाबाकडे पाहावे तसे पाहू लागलेले असतात.

धूमकेतू शोधताना फसवणारे पुंजके टाळता यावेत म्हणून शार्ल मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात त्यांची यादी केली. रांग वाढत चालली आणि धूमकेतू काही सापडेना, की त्याच यादीतला एखादा तारकागुच्छ धूमकेतू म्हणून खपवण्याचा मोह एरवी प्रामाणिक असलेल्या माणसालाही होतो.

कोणाला खरोखर दिसले, हे ओळखण्याची माझी एक खूण आहे. डोळा लावताच जो ‘वा, काय सुंदर हिरवा आहे!’ म्हणतो, त्याने फक्त छायाचित्र पाहिलेले असते. कारण एवढ्या मंद प्रकाशात डोळ्याला बहुधा करडाच रंग दिसतो. जो बराच वेळ गप्प राहून, माझे मन न दुखवता, हळूच विचारतो, ‘काचेवर मधोमध एक पुसट डाग पडलाय, पुसू का?’ त्याला मात्र मी ताबडतोब थांबवतो आणि मागच्याला म्हणतो, ‘यांना दिसला, आता तुम्ही या.’