काडी माणूसच लावतो

कोरड्या जंगलांतल्या वणव्यांवरचा लेख वाचला. सगळा दोष वाढत्या उन्हावर टाकलाय, ते पटलं नाही. ऊन पाचोळा वाळवतं, पण काडी बहुतेक वेळा माणूसच लावतो. आमच्या ग्वाल्हेर-शिवपुरीकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. वारा सुटला की तीच आग खैर, सलई, करधईच्या रानात शिरते. कोवळी रोपं जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात ओढ्याला लागते. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्या नळाला अशाच रानातल्या ओढ्यांवर भरणाऱ्या तिघरा धरणाचं पाणी येतं, त्यामुळे हे फार जिवाला लागतं. मोहाखाली जाळी बांधली तर आग लावावीच लागत नाही, फुलंही स्वच्छ मिळतात. वनखात्याने या जाळ्या फेब्रुवारीतच गावोगाव पोहोचवाव्यात.