एअरबॉक्स म्हणजे नुसता आवाज दाबायचा डबा नाही

गेले दोन आठवडे ठाणे आणि नवी मुंबईतल्या बाइकवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, मला तो चार जणांकडून आला, त्यातला एक माझा भाचा, आणि त्याने खाली लिहिलं होतं "मामा, शनिवारी करून घेऊ का". म्हणून हे लिहायला बसलोय. मेसेज थोडक्यात असा: ड्युअल-स्पोर्टचा (पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या बाइकचा) कंपनीचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचं खोकं) म्हणजे नुसता आवाज दाबायचा प्लॅस्टिकचा डबा, तो काढून टाका आणि कोन फिल्टर (डब्याशिवाय उघडा लागणारा, शंकूसारखा) लावा, रिकाम्या झालेल्या जागेत बॅटरी सरकवा म्हणजे वजन मधे येतं आणि गाडी पटकन वळते, ३ बीएचपी वाढतात, ॲव्हरेज पण वाढतं, एफआय (फ्युएल इंजेक्शनची) गाडी हवा-पेट्रोलचं मिक्श्चर आपोआप जमवून घेते, पावसाचं काही टेन्शन नाही, आणि परदेशात सगळे हेच करतात.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो कारण बाकीचं सगळं तिथूनच उगवलंय. परदेशात एअरबॉक्सचं जे काम सगळ्यात जास्त केलं जातं त्यातलं एक सुझुकीच्या डीआरझी ४०० एस वरचं, त्याला तिकडे थ्री बाय थ्री म्हणतात, एअरबॉक्सच्या वरच्या बाजूला ३ इंच बाय ३ इंचाचं चौकोनी भोक कापायचं, बस. डबा जागेवर, आतला फिल्टर जागेवर, आणि भोक वर सीटखाली, म्हणजे हवा यायची वाट होती तशीच उंचावर राहते. आणि भोक कापलं की कार्ब (कार्ब्युरेटर) उघडून जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) बदलायचे, हे त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग आहे, तो सोडला तर पहिल्या अर्ध्याचा तोटाच होतो. आता बघा आपल्याकडे येईपर्यंत काय झालं, "कापा" चं "काढा" झालं आणि जेटिंग वाटेत गळून पडलं. बॅटरी हलवणारे तर बहुतेक करून कॅफे रेसर आणि स्क्रॅम्बलर बनवणारे लोक, सीटखालचा त्रिकोण मोकळा दिसावा म्हणून ते करतात, तो दिसण्याचा प्रश्न आहे, गाडी चांगली चालण्याशी त्याचा संबंध नाही.

आता ३ बीएचपी. हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही धरा, साधारण १९ बीएचपीची गाडी, त्यात ३ म्हणजे जवळजवळ १६ टक्के. त्याच इंजिनातून १६ टक्के जास्त ताकद काढायची तर साधारण तेवढीच जास्त हवा आत जायला पाहिजे, म्हणजेच मेसेजचं म्हणणं असं की कंपनीचा फिल्टर आज तेवढी हवा अडवून बसलाय. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ठाण्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. मेसेज खरा असेल तर तुमची गाडी माजिवड्याच्या सिग्नलवर उभी असताना सुद्धा महाबळेश्वरला असल्यासारखी धापा टाकत असली पाहिजे. चांगला, साफ असलेला फिल्टर एवढं अडवत नाही हो. उलट उघडा कोन फिल्टर सिलिंडरच्या मागेच लटकतो आणि इंजिनाची गरम हवाच ओढतो, हवा १० डिग्रीने गरम झाली की साधारण ३ टक्के विरळ होते, घोडबंदर रोडच्या मे महिन्यातल्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात की हा हिशोब तुमच्या पिकअपमध्ये दिसतो.

मग लोकांना फरक का जाणवतो? कारण आवाज. मी हे स्वतः अनुभवलंय. माझ्याकडे हिरोची कार्बवाली इम्पल्स होती, १४९ सीसी, २०१४ ला मी एका गॅरेजमध्ये डबा काढून कोन लावून घेतला, पहिले पंधरा दिवस मी एकदम खूश, थ्रॉटल दिला की टाकीखालून तो घुमणारा आवाज यायचा आणि वाटायचं गाडी पळतेय. पण गायमुखचा चढ माझ्या रोजच्या पायाखालचा, आधी तो चढ चौथ्या गियरमध्ये निघायचा, कोन लावल्यावर मधेच तिसरा टाकायला लागायचा. कारण डब्याच्या आत शांत, थंड हवेचा साठा असतो, आणि डब्यापासून कार्बपर्यंतच्या रबरी बुटाची लांबी, डब्याचं आकारमान हे सगळं कमी आरपीएमच्या ओढीसाठी जुळवलेलं असतं, चढावर, चिखलात, दगडात ड्युअल-स्पोर्टला तीच ओढ लागते, आणि नेमकी तीच जाते. प्लग काढून बघितला तर चिनीमातीचा भाग पांढराफटक, म्हणजे मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), इंजिन तापतंय, आणि जेट कोणी बदललेलेच नव्हते.

पण खरं नुकसान धुळीचं झालं आणि मला त्याबद्दलच जास्त सांगायचंय. चार-पाच महिन्यांनी गाडी तेल खायला लागली, सकाळी सेल्फ मारला की निळसर धूर. कोन काढला आणि कार्बच्या तोंडातून बोट फिरवलं, बोटावर करडा थर आला, टाल्कम पावडर इतका बारीक, पण दोन बोटांत चोळला की कचकच लागायची. हेड उघडल्यावर मेकॅनिकने मला बोअरच्या आत नख फिरवायला लावलं, नख अडकत होतं, उभ्या रेघा पडल्या होत्या. ती धूळ कुठली हे सांगायला नको, घोडबंदरला रस्त्याकडेला खडीचे ढीग, डंपर, आणि नवी मुंबईच्या बाजूला तुर्भ्याकडचा एमआयडीसी पट्टा. दगडाच्या धुळीत सिलिका असते आणि ती रिंगा आणि बोअरच्या मधे गेली की पॉलिश पेपरसारखं काम करते. तीन-चारशे रुपयांचा कोन फिल्टर ती धरत नाही, त्याचा रबरी गळा गाडीच्या तोंडावर नीट बसत पण नाही, क्लॅम्प कितीही आवळा. तुमच्या गाडीला आत्ता कोन असेल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, ५०० किलोमीटर चालवा, कोन काढा आणि थ्रॉटल बॉडीच्या तोंडात आतून पांढरा सुती कपडा फिरवा. कपडा करडा निघाला की धूळ आत चाललीय.

एफआयचं "आपोआप जमवून घेते" हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त फसवतं. ओ-टू (ऑक्सिजन) सेन्सर असतो, पण त्याला मिक्श्चर योग्य प्रमाणाच्या अलीकडे की पलीकडे एवढंच कळतं, आणि ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) त्याचं ऐकतो ते एका वेगात निवांत चालवताना. पूर्ण थ्रॉटल दिला की ईसीयू कंपनीने भरलेल्या आकड्यांवर पेट्रोल सोडतो, तुम्ही पुढे काय लावलंय हे त्याला सेन्सर सांगत नाही, म्हणजे जिथे तुम्हाला ताकद पाहिजे तिथेच तो चाचपडत असतो. ॲव्हरेजचं उत्तर पण इथेच येतं. ५०-६० च्या वेगात थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो, हवा अडवतोय तो थ्रॉटलच, फिल्टर नाही, आणि तेवढ्या वेगाला जेवढी ताकद लागते तेवढंच पेट्रोल लागणार. तिथे फिल्टर मोकळा करून पेट्रोल वाचणार कुठून?

बॅटरी हलवून वजन मधे आणायचं म्हणतात, करू हिशोब. ७ एएचची लेड-ॲसिड बॅटरी साधारण अडीच किलो, गाडी १५८ किलो, वर ७० किलोचा माणूस. बॅटरी ३० सेंटीमीटर सरकवली तर सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य साडेतीन मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. १३ लिटरची टाकी भरली की जवळपास १० किलो पेट्रोल वर येतं, तो फरक तुम्हाला रोज मिळतो आणि कोणी त्यावर मेसेज काढत नाही. तोटा मात्र खरा आहे. सेल्फ मारताना ६० अँपिअर ओढले असं धरा, २.५ स्क्वेअर एमएमची १ मीटर वायर वाढवली तर ०.४ व्होल्ट वायरीतच जातात, १० स्क्वेअर एमएमच्या वायरीत ०.१, आणि गॅरेजवाले हाताला येईल ती वायर जोडतात. सगळ्यात वाईट म्हणजे बॅटरी ते स्टार्टर रिले (सेल्फचा स्विच) ही वायर फ्यूजच्या आधीची असते, ती लांबवली म्हणजे फ्यूजचं संरक्षण नसलेला तुकडा लांबवला. माझ्या इम्पल्सला बॅटरी हलवताना ती वायर सबफ्रेमच्या पत्र्याच्या कडेवरून नेली होती, वर एक प्लॅस्टिकचा टाय, बस. मुरबाडच्या पुढे माळशेजकडे जाताना जळका वास आला, थांबून सीट काढली तर कडेवर वायरचं कव्हर घासून तांबं उघडं पडलेलं आणि पत्र्यावर काळा डाग. वर पेट्रोलची टाकी आहे हे लक्षात घ्या. एखाद्याला खरंच बॅटरी हलवायची असेल, सामानाची कॅरिअर बसवायची वगैरे, तर जाड वायर, रबरी ग्रोमेट, टर्मिनलवर टोप्या आणि अर्थिंग थेट इंजिनाला, यातलं एकही सोडू नका, आणि इंजिनाखाली तर बॅटरी लावूच नका, तिथे दगड लागतो आणि पाणी लागतं. लिथियमवाली बॅटरी हलकी असते हे खरं, पण ती शून्याखालच्या थंडीत चार्ज करायची नसते, स्पितीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

आणि पाऊस. "काही टेन्शन नाही" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने ठाण्यात वंदना टॉकीजसमोर जुलैमध्ये पाणी तुंबलेलं असताना एकदा उभं राहून बघावं. एअरबॉक्सचं तोंड सीटखाली उंच असतं, पाणी आत आलंच तर खाली ड्रेन असतो, कोन मात्र गुडघ्याच्या आसपास लटकतो आणि मागच्या चाकाचा फवारा थेट त्याच्यावर. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये गेलं आणि पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय डबा काढला की इंजिनाचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारा) पाइप पण उघडा लोंबतो, ओढा ओलांडताना तो पाणी ओढतो आणि तेलाचा चहा होतो. म्हणून गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ अजिबात मारू नका, ढकलत बाहेर काढा, प्लग काढा, मग हळू किक मारून पाणी बाहेर येतंय का बघा, किक नसेल तर गियर टाकून मागचं चाक हाताने फिरवा.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो, २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्याचं कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि येऊरला राहणाऱ्यांना रविवारी सकाळी ते इनटेकचं घुमणं ऐकायची वेळ येते, ते जंगल आहे, बिबटे आहेत तिथे, हे मला कायद्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

भाच्याला सांगितलंय शनिवारी ये, पण कोन आणू नकोस, नवीन ओरिजिनल फिल्टर आण. डबा उघडू, आतून पुसू, फिल्टर बसतो त्या कडेला ग्रीसचा बारीक थर देऊ म्हणजे कडेने धूळ जाणार नाही, ड्रेनची नळी मोकळी आहे का आणि बुटाचा क्लॅम्प घट्ट आहे का बघू. त्याला ओढ पाहिजे ना, तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दाताने लहान करू, समजा १४ चं १३ केलं की चाकावरची ओढ ७ टक्क्यांहून जास्त वाढते, टॉप स्पीड थोडा जातो, पण तो तसाही माळशेजच्या पलीकडे कच्च्या रस्त्यांवरच जास्त असतो.