सिंहाआडून आलेला गवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

10 ऑगस्टला, जागतिक सिंह दिनाला, बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी वर्गात काय केलं ते लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, "बाई, खानापूर तालुक्यात सिंह कुठला? गव्यांनी आमचं पोसवलेलं भात एका रात्रीत लोळवलं, त्याचा धडा कोण घेणार? हे निसर्गप्रेम पोट भरलेल्यांचं." राग रास्त आहे. नुकसानभरपाईवर मी एकच ओळ लिहिली, तीही वरवरची. ती चूक माझी.

सिंह मात्र मुद्दाम निवडला होता. गेल्या वर्षी थेट गव्यापासून सुरुवात केली, तर वर्ग गप्प. प्रत्येकाच्या घरी गव्याचं काही ना काही प्रकरण आहे, आणि घरातलं बाहेर बोलायचं नाही हे पोरांना पक्कं ठाऊक. सिंहाशी इथं कुणाचंच वैर नाही. भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात जाळीपलीकडं बघितलेला, एवढीच ओळख.

गुजरातेत गीर आणि आसपास 2020 साली 674 सिंह होते, 2025 च्या गणतीत 891 भरले. पोरं खूश. मग सांगितलं, यातले निम्म्याहून जास्त गीर अभयारण्याबाहेर, बरेचसे लोकांच्या शिवारात हिंडतात. गाई-म्हशी मारतात. रात्री बिनकठड्याच्या विहिरीत पडतात, म्हणून तिथं कितीतरी विहिरींना कठडे बांधले. कुंपणाच्या तारेत सोडलेल्या करंटनंही सिंह मेलेत.

इथं मागच्या बाकावरचा एक पोरगा, एरवी हजेरीलाही धड तोंड न उघडणारा, पुटपुटला, "करंट सोडलं तर माणूसबी मरतो की." सगळा वर्ग वळून त्याच्याकडं बघायला लागला. मी काही विचारलं नाही, डस्टर घेऊन उगाच फळा पुसत राहिले. मग तो आपणहून बोलू लागला. माळ्यावरची राखण, डबे बडवणारा चुलता, ओरडून घसा बसलेली आजी. तुमच्या गव्याचा धडा तिथं सुरू झाला.

पोट भरलेल्यांचं म्हणालात, तेही खोटं नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ मैदानाजवळ बिबट्या आला, तर आसपासच्या शाळा बंद झाल्या, शोधायला शिमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती छावणीतून हत्ती आणले. आमच्याकडं वाटेत अस्वल दिसलं तरी पोरं दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं चालत शाळेला येतात. (आणि उशीर झाला म्हणून बोलणीही खातात. माझीच.)

तुमची प्रतिक्रिया वाचून गेल्या शनिवारी भरपाईचा अर्जच तासाला घेतला. अर्ज कन्नडमधला. कन्नडच्या गुरुजींना शेजारी बसवून पोरांनी ओळ न् ओळ भरला. पिकाचे फोटो, पासबुक, इथवर ठीक. उताऱ्याला अडलं. त्या पोराच्या शेतावर अजून पणजोबांचंच नाव, वारस लागलेले नाहीत. "बाई, मग सही कुणी करायची?"

मला सांगता आलं नाही. तुम्ही या कागदांतून गेला असाल तर इथंच सविस्तर लिहा. येत्या शनिवारी वर्गात वाचून दाखवते.