सर्व्हरला हार घाला, पॅचचं नंतर बघू

सगळ्यात आधी नारळ फोडा. कंपनी डिजिटल होते ती नारळाने. एमडी साहेबांच्या हस्ते बटण दाबून नव्या ईआरपीचं, म्हणजे सगळ्या कंपनीचा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, उद्घाटन करा, पेढे वाटा, आणि दुसऱ्या दिवसापासून हिशेब पूर्वीसारखाच एक्सेलमध्ये ठेवा. 'फायनल नवीन खरंच फायनल 3' नावाची एक फाईल सापडेल. खरी ईआरपी तीच.

पासवर्डचा बाऊ करू नका. कंपनीचं नाव, ॲट द रेट, 123. चहावाल्यालासुद्धा पाठ असावा, म्हणजे कुणी रजेवर गेलं तरी काम अडत नाही. नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन बंद करणं तर माणुसकीला धरूनच नाही. कालच शाल-श्रीफळ दिलं आणि आज दार बंद? अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीनेही एक न वापरातलं व्हीपीएन खातं, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचं लॉगिन, असंच मायेने चालू ठेवलं होतं, त्याला ओटीपीची कडीसुद्धा नव्हती. 2021 मध्ये त्या दारातून पाहुणे आले. कंपनीला पाइपलाइन बंद ठेवावी लागली आणि वर सुमारे 44 लाख डॉलरची खंडणी मोजावी लागली. पण अमेरिका लांब आहे.

आता पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारं ठिगळ. आयटीवाला येऊन म्हणेल, "साहेब, शनिवारी रात्री दोन तास सर्व्हर बंद ठेवू या." त्याला सांगा, महिनाअखेर आहे. पुढच्या महिन्यात सांगा, ऑडिट आहे. मग दिवाळी येतेच. मायक्रोसॉफ्टने एका भोकाचं ठिगळ मार्च 2017 मध्ये दिलं होतं. त्याच भोकातून फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला 12 मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत बऱ्याच ठिकाणी महिनाअखेरच चालली असावी, कारण ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांवर ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायची वेळ आली.

आणि आयटीवाला फारच मागे लागला तर त्याच्यासमोर नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसचं उदाहरण टाका. 27 जून 2017 चा तो हल्ला युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला. बघा, अपडेट घेतलं म्हणूनच झालं ना! यावर त्याच्याकडे उत्तर असतं, पण ते लांबलचक असतं आणि तुमची मीटिंग असते.

बॅकअपवर खर्च करायच्या आधी याच हल्ल्याची पुढची गोष्ट ऐका. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात आडवी झाली. आपल्या न्हावा शेवाला त्यांच्या समूहाचं टर्मिनल आहे, तिथलंही काम खोळंबलं. जगभरातले त्यांचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोण कर्मचारी आणि कोण परका हे ओळखणारी यंत्रं, एकाच वेळी पुसली गेली. प्रत्येक यंत्र दुसऱ्याची नक्कल ठेवत होतं, पण सगळीच एकदम जातील असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. वाचला तो घानातला एकच. का? तर तिथे नेमकी वीज गेली होती! नेट इतकं मंद की ब्रिटनमध्ये चाललेल्या दुरुस्तीसाठी डेटा पाठवता येईना, घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर या हातातून त्या हातात देऊन लंडनला नेली. मग दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे केले. जगातल्या बलाढ्य जहाज कंपनीची अब्रू लोडशेडिंगने राखली. आपल्याकडे तर महावितरण घरचंच आहे. बॅकअपला वेगळं बजेट कशाला?

तरी हौस असेल तर एक हार्डडिस्क घेऊन अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये, पंचिंग मशीनशेजारी ठेवा. तिच्यावरून डेटा परत येतो का, हे मात्र कधीही तपासू नका. हिरवा दिवा लागतो ना? झालं तर.

बाकी खर्च पूजेवर करा. आमच्याकडे स्टोअर रूममध्ये, टोनरच्या खोक्यांना टेकून सर्व्हर उभा आहे. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, समोरच्या पट्टीवर हळदकुंकू, बाजूला आपट्याची पानं. कुंकू यूएसबीच्या खाचेत गेलंय. एक वाळकी पाकळी पंख्याच्या जाळीत अडकून फडफडते, म्हणून तो घरघरतो. पण हार काढायची कुणाची छाती नाही. त्यापेक्षा बाहेरच्या घुसखोरांना अडवणाऱ्या फायरवॉलचं लायसन्स संपू देणं सोपं. ते संपलंय.

आणि झालाच हल्ला, तर 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सरकारी यंत्रणेला, सहा तासांत कळवायचं असतं. भरपूर वेळ आहे. पहिला तास 'नेट गेलंय वाटतं' यात जातो. दुसरा, बंद करून चालू करण्यात. तिसऱ्यात व्हेंडरला फोन. त्याचा माणूस लग्नाला सांगलीला गेलेला असतो. चौथा आणि पाचवा, हे साहेबांना सांगायचं कुणी यावर. सहाव्यात कुणाला तरी सुचतं, अरे, आपला आयटीवाला कुठे आहे?

तो अकाउंट्समध्ये आहे. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढतोय.