‘साहेबांचाच इतिहास सापडतो, शेतमजुराचा नाही’: खरंच?

इंग्लंडबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय. सारांश असा: तिथे वंशावळ सापडते ती सरदार-जमीनदारांची. खेड्यातला मजूर निरक्षर, त्यामुळे त्याचा कागद नाही. जन्मला आणि पुरला एवढीच नोंद. तो गाव सोडून कुठे गेला नाही, आणि आडनावाचं स्पेलिंग बदललेलं दिसलं की माणूस दुसरा.

आधी निरक्षरतेचं बघू. कागद लिहायला त्याला स्वतःला लिहिता यायची गरजच नव्हती. 1538 मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, तेव्हापासून प्रत्येक पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवायचं होतं. 1754 पासून लग्नाच्या नोंदीवर वधू-वरांची सही किंवा फुलीही लागायची. सहीशेजारी साक्षीदारांची नावं असत, ते बऱ्याचदा भाऊबहीण. 1813 पासून छापील फॉर्म आला आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदाही येऊ लागला.

‘जन्म आणि दफन एवढंच’ हा दावा तर सगळ्यात लंगडा. गरीब माणूस गावाला खर्चात पाडायचा, आणि जिथे खर्च तिथे हिशेब. 1601 च्या कायद्याने गरिबांना पोसणं पॅरिशवर आलं. 1662 च्या कायद्याने प्रश्न उभा केला: पोसायचं कोणत्या पॅरिशने? मग मदत मागणाऱ्याला किंवा पुढे मागेल अशी शंका आलेल्याला दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर सांगावं लागे: जन्म कुठला, कोणाकडे राबलो, मजुरी किती, लग्न कधी, मुलं किती. खाली फुली. मजुराचं हे आत्मचरित्रच म्हणा, फक्त लिहिणारा कारकून. अविवाहित गड्याने कुठे पूर्ण वर्ष चाकरी केली की त्या गावाकडून मदत मागायचा हक्क त्याला मिळायचा. म्हणून काही मालक 51 आठवड्यांचाच करार करत! हक्क दुसरीकडचा निघाला की कुटुंबाला तिकडे धाडायचा हुकूम सुटे, बायकामुलांच्या नावांसकट. ओव्हरसियरच्या, म्हणजे गरिबांची मदत वाटणाऱ्या पॅरिशच्या माणसाच्या, वहीत तर कोणाला जोडे दिले, कोणाच्या शवपेटीला किती पैसे पडले, हेही असतं. खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यावर असा कागद तयार होत नाही. म्हणजे दावा उलटाच आहे.

स्पेलिंगचं उत्तर वरच आलं. माणसाने नाव उच्चारलं, पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं त्याने उतरवलं. बापाच्या आडनावात एक अक्षर आणि मुलाच्यात दुसरं, हे नेहमीचं.

अडचणी आहेतच, त्या झाकण्यात अर्थ नाही. 1640-50 च्या यादवीच्या काळात रजिस्टरं अनेक ठिकाणी तुटक आहेत. जुन्या नोंदींत आईचं माहेर मिळेलच असं नाही. त्यात एकाच गावात एकाच नावाचे चार जण. 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पाढ्यात खाली उतरवायची सूचना होती, त्यामुळे 34 चा माणूस 30 चा दिसतो. (तिथे धंद्यापुढे ‘अ‍ॅग. लॅब.’ लिहिलेलं आढळतं. ती प्रयोगशाळा नव्हे, शेतमजूर.) नेमकं जन्मगाव आणि घरातलं नातं 1851 पासून मिळतं. आणि 1931 ची जनगणना 1942 मध्ये आगीत गेली, तिचं काही करता येत नाही.

राहिलं ‘गाव सोडलं नाही’. गडी मजूर-जत्रेत उभे राहून वर्षाचा करार करायचे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी जायचे. अंतर फार नसे, पण पॅरिश बदलायची. काहीजण मात्र खूप लांब आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती झालेल्या शेतमजुरांच्या पोरांची लग्नं-दफनं इथल्या छावण्यांतल्या पाद्र्यांनी नोंदवली आणि त्या नोंदींच्या प्रती लंडनला गेल्या. मुंबई इलाख्याच्या त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गावच्या रजिस्टरात ज्याचं दफन सापडत नाही, तो पुण्याच्या किंवा अहमदनगरच्या छावणीतल्या पानावर निघू शकतो.